शब्दांकनाची इस्त्री

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या विदर्भातून निघालेली आत्मकथनं एकापाठोपाठ वाचून पाहा. निवृत्त मुख्याध्यापक, बँकेचे माजी अध्यक्ष, जिनिंगवाले शेठ, समाजसेवक. माणसं निराळी, गावं निराळी, भाषा मात्र एकाच माणसाची. सगळ्यांचं बालपण ‘अत्यंत हलाखीत’ जातं, सगळे अखेरीस ‘मागे वळून पाहताना’ कृतार्थ होतात. हा एकच माणूस म्हणजे पुस्तक लिहून देणारा. त्याचं नाव शोधायला जाल तर सापडत नाही. सापडलंच तर ऋणनिर्देशात, अक्षरजुळणी करणाऱ्याच्या शेजारी.

पैसे देऊन पुस्तक लिहून घेण्यात पाप नाही. अभिनेत्री हंसा वाडकर बोलल्या आणि अरुण साधूंनी कान दिला, म्हणून १९७० मध्ये ‘सांगत्ये ऐका’ हाती आलं. पण दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवण्याच्या या कलेचा मापदंड शोधायला वर्धेकरांनी विनोबांच्या पवनारच्या पलीकडे जायची गरज नाही.

विनोबांनी ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये वर्ध्यात स्वतः लिहिली. ‘गीता प्रवचने’ मात्र त्यांनी लिहिलीच नाहीत; ती ते बोलले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी गीतेचा एक अध्याय, समोर सहकैदी आणि टिपून घ्यायला साने गुरुजी. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणारा हा हात. डोळ्यांत पाणी आणणारी स्वतःची शैली असलेल्या लेखकाला विनोबांच्या तोंडी आपली वाक्यं घालणं काय अवघड होतं? गुरुजींचा ओलावा कुठेकुठे झिरपला आहेच. पण विनोबांची आखूड वाक्यं, गणित्यासारखी पायरीपायरीची मांडणी, मध्येच प्रश्न टाकून आपणच उत्तर देण्याची खोड, सगळं शाबूत आहे. पान उघडलं की माणूस बोलायला लागतो. विनोबांनी आत्मचरित्रही लिहिलं नाही. पवनार आश्रमातल्या कालिंदीताईंनी त्यांच्या बोलण्यातून वेचून ‘अहिंसा की तलाश’ सिद्ध केलं. तिथेही बोलणारे विनोबाच.

आता आजचा नमुना घ्या. सेलू-देवळीकडचा माणूस सांगतो, “माय म्हणे, शाळा सुटली का सिधा वावरात ये, पऱ्हाटी काही तुह्यासाठी थांबत नाही.” छापून येतं, ‘शालेय शिक्षण घेत असतानाच मी मातोश्रींना शेतीकामात मदत करीत असे.’ माहिती तीच, पण माय गेली, तिचा दरारा गेला, पऱ्हाटीही गेली. ही इस्त्री आहे, आणि तिचे पैसे ज्याच्या बोलण्यावर ती फिरली त्यानेच मोजलेत.

बाकीच्या मदतीबद्दल फार बोलावं असं काही नाही. ‘लेखक व्हा’ कार्यशाळा हा सुट्टीतला छंदवर्ग आहे. यंत्राकडून लिहून घेणं म्हणजे तीच इस्त्री, फक्त स्वस्तात.

खरी मेख पुस्तक काढून देणाऱ्या प्रकाशकांच्या ‘पॅकेज’मध्ये आहे. त्यात अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, वजनदार माणसाची प्रस्तावना, शाल-श्रीफळासकट प्रकाशन सोहळा आणि वर ‘आयएसबीएनसह’ अशी ठळक जाहिरात. पुस्तकाचा हा ओळख-क्रमांक आपल्याकडे सरकारी यंत्रणा फुकट देते! नसतो तो फक्त संपादक. ‘मौज’मध्ये श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नावाजलेल्या लेखकांनाही पुन्हा लिहायला लावत. इथे लेखक हाच गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला ‘साहेब, ही तीन प्रकरणं काढा’ असं कोण सांगणार? सत्काराचे फोटो राहतात आणि भावाशी झालेला वाटणीचा वाद गाळला जातो.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. शब्दांकनकाराचं नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाखाली, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापा. त्याला मान मिळावा एवढ्यासाठीच नव्हे. तो जबाबदार धरला जावा म्हणूनही. नाव लागलं की चार लोक जाब विचारतील, आणि सांगणाऱ्याचं वाक्य खोडताना त्याचा हात अडेल. ज्याला वऱ्हाडी ‘अशुद्ध’ वाटते त्याने खुशाल सरकारी परिपत्रकं लिहावीत. आमच्या माणसांच्या आयुष्याला हात लावू नये.