जर्ब एलिचपूर

अकोल्यातल्या एका सराफाच्या पेढीवर मोडीचा डबा असतो. तुटकी जोडवी, पैंजणाच्या साखळ्या, चेपलेला करंडा. त्या पसाऱ्यात हा रुपया पडला होता. सराफाने दोन बोटांनी उचलला, काचेवर आपटून वाजवला आणि माझ्या तळहातावर ठेवत म्हणाला, "तुम्ही वाचनारे ना? वाचा मंग." कविता वाचून दाखवायला सांगितल्यावर होते तशी माझी अवस्था झाली. अक्षरं दिसत होती, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना.

तेव्हापासून मी ही नाणी कवितेसारखीच वाचत आलो आहे. संग्राहक त्यांची किंमत वाचतात आणि इतिहासकार सनावळ वाचतात. मला त्यांतला मजकूर वाचायचा असतो. कुठला शब्द कुठे बसवला, काय गाळलं, काय तुटलं, ते.

रुपया औरंगजेबाच्या काळातला. वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तोळ्याला जरा कमी. आजच्या पाच रुपयांच्या नाण्याहून थोडा लहान, पण जाड, आणि गोल म्हणावा तर पुरता गोल नाही. औरंगजेबाने नाण्यांवरून कलमा काढून टाकला. पवित्र वचन कुणाच्याही हाती लागून विटाळू नये, असं कारण सांगितलं जातं. एक बाजू अशी मोकळी झाली आणि तिथे एक फारसी द्विपदी आली. भावार्थ एवढाच, की शाह औरंगजेब आलमगीर याने जगात नाणं पाडलं, तेजस्वी पूर्णचंद्रासारखं. पण ही उपमा चांदीपुरती आहे. सोन्याच्या मोहरेवर चंद्राच्या जागी सूर्य येतो. रुपयावर 'बद्र', मोहरेवर 'मिहर', बाकी ओळ तशीच. लिहिणाऱ्याने आधी धातूकडे पाहिलं आणि मग उपमा निवडली. बादशहाची स्तुती करणारे कवी पोत्याने होते, पण आपली ओळ कशावर ठोकली जाणार आहे याचा विचार करणारा त्यांत एखादाच.

शब्द ओळीने येत नाहीत. जागा असेल तसे ते वरखाली रचलेले असतात आणि एखादं अक्षर ताणून पट्टीसारखं आडवं टाकलेलं असतं. डोळ्याने दोन-तीनदा फिरून अन्वय लावावा लागतो. एका झटक्यात कळत नाही, हे मला या मजकुराचं बलस्थान वाटतं.

मागची बाजू गद्य आहे, पण ठसकेबाज गद्य. 'जुलूस' म्हणजे सिंहासनावर बसणं. अमुक साली, 'मैमनत मानूस' जुलूसाच्या, म्हणजे भाग्य जिच्या सोबतीला आहे अशा राजवटीच्या, आणि तळाशी 'जर्ब एलिचपूर'. 'मैमनत मानूस' या जोडीतला मकाराचा ठेका कानाला गोड लागतो. शिवाय आमच्याकडे माणसाला 'मानूस'च म्हणतात. पहिल्यांदा कुणी मला हे वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, चला, बादशहाच्या नाण्यावर आपला वऱ्हाडी मानूस बसलाय. अर्थाच्या दृष्टीने हे साफ चूक आहे. पण ती चूक मी अजून सोडलेली नाही.

'जर्ब' हा शब्द मात्र जपून वाचावा. जर्ब म्हणजे घाव, ठोका. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे चांदीची चकती, आणि वरून हातोडा. 'जर्ब एलिचपूर' म्हणजे एलिचपुरात मारलेला घाव. हाच शब्द मराठीत 'जरब' होऊन आला आणि दुसऱ्यावर बसू लागला. द्विपदीतल्या 'सिक्का'चा आपण शिक्का केला, त्याला मोर्तब जोडलं. 'जुलूस' सिंहासनावरून उतरून रस्त्यावर मिरवणूक झाला. तळहाताएवढ्याही नसलेल्या जागेत आपल्या रोजच्या बोलण्यातले तीन शब्द त्यांच्या जुन्या घरी बसलेले दिसतात.

एलिचपूर म्हणजे आजचं अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर. इमादशाहीची राजधानी, १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने गिळलेली, १५९६ साली मुघलांकडे गेलेली आणि मग वऱ्हाड सुभ्याचं मुख्य ठाणं झालेली. एका गावाच्या नावाने रुपया निघतो आणि तो दिल्लीपर्यंत चालतो, यात त्या गावाचा काय रुबाब असेल! आज परतवाड्याहून तिकडे जाताना पडके दरवाजे दिसतात. तो रुबाब कुठे गेला हे ते दरवाजे सांगत नाहीत. रुपया सांगतो.

आता उणीव. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे मजकूर कधीच पुरता उतरत नाही. माझ्या तळहातावरच्या रुपयावर हिजरी सालाचे पहिले दोन आकडे होते, पुढचे दोन काठाबाहेर गेलेले. शतक कळतं, वर्ष नाही. खरं तर ही नाणी कालगणनेला फार सोयीची. त्यांच्यावर दोन सालं असतात, एक हिजरी आणि एक राजवटीचं, आणि दोन्ही वर्षं वेगवेगळ्या महिन्यात सुरू होतात. दोन्ही वाचता आली तर नाणं कुठल्या काही महिन्यांत पडलं इथपर्यंत जाता येतं. माझ्या रुपयावर राजवटीचा आकडाही असणार. पण नेमका त्याच जागी एका सराफाने टाकी मारली होती.

या टाकीच्या खुणा म्हणजे समासात लिहिलेले शेरे. रुपया हाती आला की सराफ तो वाजवायचा, तोलायचा आणि आत तांबं भरलेलं नाही ना हे पाहायला काठाला बारीक घाव घालायचा. काही रुपयांवर असे सहा-सात घाव असतात. सहा-सात पारख्यांनी वाचून 'खरा' म्हटल्याची ती पावती. प्रत्येक पावतीने थोडी चांदी आणि थोडा मजकूर खाल्ला आहे. शिवाय नाणं जुनं झालं की त्यावर बट्टा लागायचा, म्हणजे नव्या रुपयापेक्षा ते कमी किमतीत चालायचं. चांदी तीच, वजनही जवळपास तेच, नुसतं वय वाढलं म्हणून किंमत उतरली. नावाला बट्टा लागतो म्हणतो आपण, तो हा.

इतकं वाचायला मिळालं ते पेढीवर. पण हा रुपया पेढीवर आला कुठून? मी विचारलं तेव्हा सराफ म्हणाला, "शेतातून आला म्हने." एवढंच. कुठलं शेत, कोणतं गाव, एकटाच होता की सोबत आणखी होते, काही नाही. मोडीच्या डब्यात पत्ता नसतो.

मागच्या उन्हाळ्यात एका नातेवाइकाच्या शेतात गेलो होतो. पऱ्हाटी उपटून रान मोकळं झालेलं. गावातला एक पोरगा काठीला थाळी लावलेलं मशीन घेऊन तासांमधून फिरत होता, कानाला हेडफोन, मागे चार-पाच पोरं. एकदम थांबला.

"काय म्हनते रे मशीन?"

"चांदी म्हनते भाऊ! आवाज पाहा ना कसा खनखनीत."

वीतभर खणलं, तर निघाला जर्मनच्या भांड्याचा कान. पोरं हसून लोळली. पुढे घोगरा आवाज आला, तिथे बैलाचा नाल निघाला.

मशीन खोटं बोललं नव्हतं. त्याला एवढंच वाचता येतं. थाळीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातू असेल तर त्यात विजेचे भोवरे उठतात आणि त्यांचा प्रतिध्वनी वर येतो. चांदी सगळ्या धातूंत वीज उत्तम वाहून नेते, म्हणून तिचा सूर चढा आणि स्वच्छ. अॅल्युमिनियमही याबाबतीत काही कमी नाही, म्हणून भांड्याच्या कानानेही तोच सूर धरला. त्यात आपली काळी माती लाव्हाच्या खडकाची, लोहाची खनिजं पोटात घेतलेली. ती स्वतःच कुरकुरत असते, आधी तिला गप्प बसवावं लागतं. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ साली अशाच यंत्राने अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. गोळी सापडली नाही. म्हणजे या यंत्राची फजिती जुनी आहे आणि मोठ्या घरची आहे.

पूर्वी हे काम पायाळू माणसाकडे असायचं. पायाकडून जन्मलेला, डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतला हंडा दिसतो, असा समज. या समजापायी कुठवर मजल गेली ते सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार नाव घेऊन गुन्हा ठरवावे लागले. त्या मानाने मशीनवाला पोरगा लाख पटीने बरा. तो कोंबडंही कापत नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

वऱ्हाडात गावाची जमीन पांढरी आणि शेताची काळी. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या मातीच्या भिंती, राख, शेण, खापरं यांचा ढीग. गढी ढासळली की तिची माती ट्रॉल्या भरभरून शेतात जाते, कारण ती पिकाला मानवते. त्या मातीबरोबर नाणीही जातात. म्हणून शेतात एकटंदुकटं नाणं सापडलं तर ते तिथलंच असेल असं नाही. हंडा मात्र तिथलाच असतो. तो कुणीतरी पुरलेला असतो, आणि पुरायला कारण असतं. १७२० च्या ऑगस्टमध्ये बाळापूरजवळ निजाम-उल-मुल्काची मोठी लढाई झाली. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावची झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. अशा दिवसांत घरातले रुपये चुलीमागे जातात. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात, पण पुरून ठेवलं ते बहुतेक रुपंच. आणि हंडा कधीचा, हे त्यातलं सगळ्यांत नवं नाणं सांगतं. ते पडायच्या आधी हंडा पुरला गेलेला असूच शकत नाही. शंभर नाण्यांतून तेवढं एक काढून कुणी विकलं, तर उरलेली नव्व्याण्णव भलतीच गोष्ट सांगू लागतात.

साठा एकत्र राहिला तर काय वाचता येतं, याचा नमुना पाहायचा तर तऱ्हाळ्याला जावं. मंगरूळपीरजवळचं गाव, आता वाशिम जिल्ह्यात. १९३९ साली तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला तेव्हा हे गाव अकोला जिल्ह्यात होतं. सुमारे १६०० नाणी. चांदीची नव्हती. तांबं, शिसं, कथिल यांच्या मिश्रणाची, ज्याला पोटीन म्हणतात. एका बाजूला हत्ती आणि भोवती ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह. मोडीत घालायला गेलं तर कुणी चार पैसे दिले नसते. ती महामहोपाध्याय वा. वि. मिराशींच्या हाती गेली.

इथेही ठसा मोठा आणि नाणं लहान. एकाही नाण्यावर राजाचं अख्खं नाव मिळेल याची खात्री नाही. कुठे नावाचं डोकं, कुठे शेपूट, कुठे मधली दोन अक्षरं. मिराशींनी एका नाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला लावत नावं जुळवली. त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं बाहेर आली, पुराणांच्या राजावळीत ज्यांचा पत्ता नाही. मी आजवर वाचलेल्या रसग्रहणांत हे मला सगळ्यांत थोर वाटतं. यातल्या कुठल्याही एका नाण्यात तो राजा नव्हता, तो ढिगात होता. सोळाशे नाणी सोळाशे खिशांत गेली असती तर कुंभ सातकर्णी परत मेला असता. आणि आजच्या मशीनवाल्याने कचरा टाळायला खालचे सूर बंद करून ठेवले असते, तर ही नाणी त्या गाळणीत अडकून पडण्याचीही पुरती शक्यता होती.

कायदा आहे, पण तो वाचक म्हणून कच्चा. १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून चालू आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय, किती, कुठे, कधी. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर द्यायचे धातूच्या किमतीइतके पैसे आणि वर एक पंचमांश. म्हणजे कायदाही सराफासारखा तोलतोच. चंद्राची उपमा, कापलेलं साल, सात पारख्यांच्या टाक्या, या सगळ्याला मिळून वीस टक्के. इंग्रजांनी हा कायदा आपल्याला करून दिला आणि स्वतःच्या घरी १९९६ साली बाजारभावाने बक्षीस देणारा नवा केला. तिथे मशीनवाले छांदिष्ट सापडलेल्या जागेसकट नोंद करतात. आपल्याकडे शेतकऱ्याने कळवावं अशी अपेक्षा असेल तर पंचमांशाचा हा हिशोब बदललाच पाहिजे. नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, तिथे परवान्याशिवाय खणणं हा सरळ गुन्हा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण पांढरीच्या कडेला ज्याच्या नांगराला हंडा लागतो त्याला चोर समजून चालणार नाही.

तो रुपया मी घेतला नाही. सराफाने पुन्हा एकदा वाजवून तो डब्यात टाकला. महिन्याभराने गेलो तेव्हा डबा रिकामा होता.

तुमच्या शेतात कधी लागलंच तर एवढं करा. चिंच, लिंबू, राख काही लावू नका. धुऊ नका. वाटून घेऊ नका. किती वीत खोल होतं आणि कुठल्या बांधापासून किती पावलं, ते पेन्सिलीने कागदावर लिहा. तो कागद नाण्यांसोबत ठेवा आणि मग कलेक्टर कचेरीत अर्ज द्या.