नफा मोजला कुठे?

5 डिसेंबर 2022ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेसरनी इंधनाच्या इवल्याशा कुपीवर 2.05 मेगाज्यूल ऊर्जा सोडली आणि अणुसंमीलनातून, म्हणजे फ्यूजनमधून, 3.15 मेगाज्यूल बाहेर आली. ‘घातलं त्यापेक्षा जास्त मिळालं’ ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. ती खोटी नाही, पण हिशेब अर्धाच आहे.

आपल्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. म्हणजे मिळालेली ऊर्जा पुरती एक युनिटही नव्हती. लेसर चालवायला मात्र सुमारे 300 मेगाज्यूल, म्हणजे 80हून जास्त युनिटं खर्ची पडली!

प्रयोगाचं मोल आम्ही कमी लेखत नाही. कुपीतलं इंधन पेटतं, हे त्यानं दाखवून दिलं. आमचा आक्षेप आहे तो ‘नफा’ या शब्दाला. 1955 साली जिनिव्हा परिषदेच्या अध्यक्षपदावरून होमी भाभांनीही दोन दशकांत ही ऊर्जा काबूत येईल, असं भाकीत केलं होतं. तेव्हापासून आशा खरी आहे, तारीख मात्र पुढे सरकते आहे.

म्हणून पुढची बातमी आली की एवढंच विचारू या: मोजलं कुठे, कुपीपाशी की मीटरपाशी? कोळशाची वीजकेंद्रं कधी बंद करायची, हे मीटरच ठरवणार आहे.