‘पगार’ शब्दाची व्युत्पत्ती : एक टिपण

शब्दाचे मूळ सांगितले म्हणजे व्युत्पत्ती पूर्ण झाली, असा समज रूढ आहे. ‘पगार’ या नित्याच्या शब्दाचा विचार केला असता हा समज किती अपुरा आहे, हे ध्यानात येते. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. परंतु त्यांच्या भाषेत तो क्रियापद असून ‘पैसे चुकते करणे’ हा त्याचा अर्थ होय. वेतनवाचक नाम तेथे निराळे आहे. तेव्हा क्रियापदाचे नाम होऊन त्याला वेतनाचा अर्थ प्राप्त होणे, ही घटना भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच घडली असे मानावे लागते. अर्थाचे हे कर्तृत्व ‘पोर्तुगीज’ एवढ्या एका शब्दाच्या नोंदीत लोप पावते.

मराठीत या अर्थाचे इतर शब्द नव्हते असेही नाही. ‘वेतन’ हा संस्कृत शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आढळतो. ‘मुशाहिरा’ अरबी असून त्याच्या मुळाशी महिनावाचक ‘शह्र’ हा शब्द आहे. हे शब्द असूनही ‘पगार’ टिकला, कारण प्रयोगक्षेत्रे विभागली गेली : आयोग ‘वेतना’चा, पण रजा ‘बिनपगारी’. ‘पगारदार’ या रूपात तर पोर्तुगीज प्रकृतीला फारसी प्रत्यय लागला आहे, आणि हा संयोग पोर्तुगीजांच्या घरचा खचित नव्हे.

अशा शब्दास केवळ ‘परकी’ ठरवून वर्ज्य मानणारा शुद्धिवाद मराठीचीच घडण नाकारतो. म्हणून कोशातील नोंदीत मूळ रूपाबरोबर अर्थांतर व प्रयोगक्षेत्र यांचाही निर्देश असणे अवश्य आहे.