भाव कळला, हिशेब राहिला

धाराशिव जिल्ह्यात पैशाची गोष्ट सोयाबीनच्या भावापासून सुरू होते आणि पीकविमा, बँकेचा हप्ता, कडब्याचा दर करत करत घरातल्या लग्नापर्यंत पोचते. शेतकरी हे सगळं एका दमात बोलतो. रेडिओवर मात्र त्याचे तुकडे होतात: भाव एका कार्यक्रमात, योजना दुसऱ्यात, बचतगटाची यशोगाथा तिसऱ्यात. त्यांना जोडणारा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. आर्थिक विषयांवरच्या मराठी रेडिओची मोठी उणीव हीच आहे.

2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. खुल्या बाजारात माल त्याखाली विकला जात होता आणि सरकारी खरेदीला मॉइश्चर 12 टक्क्यांच्या आत लागत होतं. भिजलेलं सोयाबीन त्या अटीत बसेना. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा 15 टक्क्यांवर नेली. पण ज्याला दिवाळीलाच पैसे हवे होते, त्याला थांबणं परवडणारं नव्हतं. अशा वेळी नुसता हमीभाव सांगून श्रोत्याला काय कळणार? खरी गोष्ट आडतीवर मिळालेल्या पट्टीत असते: वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेवटी हातात पडलेली रक्कम. त्यातून बियाणं, फवारणी, मळणी वजा केल्यावर कळतं की भाव मिळाला की नाही. ही पट्टी शेतकऱ्याकडून माइकसमोर ओळीने वाचून घ्यावी, प्रत्येक ओळीवर व्यापाऱ्याला आणि बाजार समितीला ‘हे का?’ म्हणून विचारावं. कुठला आकडा दोनदा सांगायचा, कुणाला मध्येच थांबवायचं, इथे निर्मात्याचं कसब लागतं. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून पाहता येत नाही.

मराठी रेडिओला हे कसब नवं नाही. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत रोजच्या अडचणींवर घरात बोलावं तसं बोलत. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी या तिघांच्या आवाजांनी महिन्याच्या खर्चाची ओढाताण ऐकण्याजोगी केली. त्याआधी 1956 मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला होता. गावकरी एकत्र ऐकत, चर्चा करत, शंका केंद्राकडे पाठवत आणि उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्याचं मूल्यमापन केलं. त्या संस्थेचं एक संकुल आज धाराशिव जिल्ह्यातल्याच तुळजापुरात आहे. श्रोत्याने विचारायचं आणि केंद्राने उत्तर द्यायचं, ही पद्धत धाराशिवमध्ये पुन्हा उभी करायला याहून जवळचा आधार कुठला?

दुसरं उदाहरण साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातलं आहे. म्हसवडला 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली आणि 2008 मध्ये माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. कर्ज, बचत आणि धंदा हे शब्द तिथे बाईच्या रोजच्या जगण्यातून येतात, हे मोठं बळ आहे. मात्र संस्थेने चालवलेल्या कुठल्याही रेडिओला यशाच्याच कथा सांगण्याचा मोह होतो. हप्ता थकलेल्या बाईचं म्हणणंही तितक्याच वेळ ऐकवलं जाईल, तेव्हा अशा वाहिन्यांचं काम पूर्ण होईल.

धाराशिवला आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, म्हणून इथलं अर्थकारण सांगण्याचा भार प्रामुख्याने याच केंद्रावर येतो. पण आकाशवाणीत कार्यक्रम अधिकाऱ्यांची भरती वर्षानुवर्षं रखडली आणि बरंच काम नैमित्तिक निवेदकांवर आलं. मनुष्यबळ नसलं की निर्माता स्टुडिओतून हलत नाही. अधिकारी पाहुणा म्हणून येतो, योजना सांगतो आणि ‘लाभ घ्यावा’ म्हणून निघून जातो. आपल्या गावच्या किती जणांचे अर्ज फेटाळले आणि का, हा प्रश्न तसाच राहतो.

विषयांची इथे वाण नाही. दसरा-दिवाळीनंतर कळंब, वाशी, भूम, परंड्याकडून ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल टनामागच्या मजुरीतून कशी फिटते, हंगाम संपल्यावर किती अंगावर राहते, हे त्या बाईच्या तोंडून महाराष्ट्राने ऐकलं पाहिजे. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा अभिमान आहेच. पण किलोभर खव्याला दूध किती आटतं, सरपण कितीचं जळतं आणि वाढीव दरातलं दूधवाल्याच्या वाट्याला काय येतं, हेही विचारायला हवं.

यासाठी नवं तंत्रज्ञान लागणार नाही. निर्मात्याला गावोगाव फिरायला वेळ आणि प्रवासखर्च द्या, निवेदकांना वेळेवर आणि पुरेसं मानधन द्या. एकाच कुटुंबाचा पेरणीपासून पुढच्या पेरणीपर्यंतचा जमाखर्च दर आठवड्याला मांडू द्या, आणि त्यातून निघालेल्या प्रश्नांची उत्तरं संबंधित खात्याने त्याच महिन्यात त्याच कार्यक्रमात देणं बंधनकारक करा. सरकारी पैशावर चालणाऱ्या रेडिओकडून धाराशिवच्या श्रोत्याने एवढं हक्काने मागावं.