मोजणी आणि दर्शन
विज्ञानकथेवरून चित्रपट निघाला की ‘मूळ कथा किती राहिली?’ असे हटकून विचारले जाते. प्रसंगांची ही वजाबाकी फारशी फलदायी नाही. कथेतील तर्काची पडद्यावर काय गत झाली, हे पाहणे अधिक अगत्याचे होय. मायकेल क्रायटन यांची ‘जुरासिक पार्क’ ही 1990 सालची कादंबरी आणि स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा 1993 चा चित्रपट या दृष्टीने शेजारी ठेवण्याजोगे आहेत. 1994 साली तो हिंदीतून आपल्याकडे आला. जबलपूरच्या प्रेक्षकास तर त्यातील प्राणी परके म्हणता येणार नाहीत. भारतातील डायनासोरची पहिली हाडे 1828 साली स्लीमन यांना याच गावी सापडली.

कादंबरीचा गाभा एका मोजणीत आहे. बेटावर 238 प्राणी असावेत असे गृहीत धरून यंत्र मोजते आणि तेवढे भरले की थांबते. प्राणी हरवला तर कळावे, अशी ही व्यवस्था. तो वाढेल, हे कोणाच्या मनातही आलेले नाही. माल्कम हा गणिती अपेक्षित आकडा वाढवून पुन्हा मोजावयास सांगतो, तेव्हा 292 भरतात. वाचकाच्या अंगावर काटा येतो तो दातानखांनी नव्हे, एका तक्त्याने! चित्रपटात या जागी ग्रँटला फुटलेल्या अंड्यांची कवचे दिसतात. माद्यांच्या कळपात वीण झाली, हे क्षणात उमगते. परंतु मोजणाऱ्यांना ते का दिसले नाही, हा प्रश्नच उरत नाही. गृहीतकाचा दोष निसर्गाच्या खोडीवर ढकलला जातो.

हाच कल हॅमंडच्या चित्रणात आहे. कादंबरीतील हॅमंड शेवटपर्यंत इतरांना बोल लावतो आणि आपल्याच बेटावर क्षुद्र प्राण्यांच्या तोंडी जातो. पडद्यावरचा हॅमंड प्रेमळ आजोबा आहे. तो वाचतो, हळहळतो. व्यापाऱ्याला इतक्या स्वस्तात क्षमा का मिळावी? पटकथेत स्वतः क्रायटन यांचा हात होता, तेव्हा हे अनवधानाने झाले असे मानवत नाही.

अर्थात ब्रॅकिओसॉरस प्रथम दिसतो तेव्हा ग्रँटच्या मुद्रेवर उमटणारे विस्मयाचे भाव कादंबरीच्या आवाक्याबाहेरचे आहेत. तेथे चित्रपट कथेचा ऋणाईत राहत नाही.

आपल्याकडे जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ कोणी पडद्यावर आणू म्हणेल, तर हाच पेच त्याच्यासमोर उभा राहील. मराठे जिंकलेले पानिपत, हत्ती, तोफा यांचा मोह कोणत्याही दिग्दर्शकास पडावा. परंतु गंगाधरपंत त्या जगातून रणांगण घेऊन परतत नाहीत. त्यांच्या खिशात राहते ते बखरीचे एक फाटके पान, ज्यात विश्वासरावांना गोळी चाटून गेली आहे, लागलेली नाही. ते पान कॅमेऱ्यापुढे किती वेळ थांबेल, यावर सारे अवलंबून आहे.