गणितातील बहुमान आणि विद्यार्थ्यांची निबंधपरिषद

ग्रंथाचे परीक्षण होते, सिद्धान्ताचेही होते. परंतु विद्यार्थ्यांच्या एखाद्या संस्थेच्या वार्षिक कार्याचे परीक्षण करावे, ही कल्पना काहींना चमत्कारिक वाटेल. तथापि जी संस्था गुणी विद्यार्थ्यांना बहुमान देण्यासाठीच स्थापन झाली, ती बहुमान कशास देते हा प्रश्न टीकाविषय होण्यास सर्वस्वी योग्य आहे. अमेरिकेतील ‘पाय म्यू एप्सिलॉन’ या महाविद्यालयीन गणितसंस्थेचा येथे त्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठात आधीपासून चालत आलेल्या गणितमंडळातून, प्राध्यापक एडवर्ड ड्रेक रो यांच्या पुढाकाराने, १९१४ साली ही संस्था उभी राहिली. महाविद्यालयागणिक तिच्या शाखा असतात. शाखेचे वर्ष ठरलेल्या क्रमाने जाते : नव्या सदस्यांचा प्रवेशविधी, पाहुण्या गणितज्ञाचे व्याख्यान, कूटप्रश्नांची स्पर्धा, आणि अखेरीस विद्यार्थ्यांची निबंधपरिषद. पदवीच्या विद्यार्थ्यास सदस्य होण्यासाठी कलनाचा व त्यापुढील काही विषयांचा अभ्यास पुरा झालेला असावा लागतो, आणि गणितात तसेच एकूण अभ्यासक्रमात चारपैकी किमान तीन इतकी गुणसरासरी राखावी लागते.

या क्रमात दोन भिन्न मूल्ये एकत्र नांदत आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. प्रवेशविधी जे झाले त्याचा गौरव करतो. परिषद जे अद्याप व्हावयाचे आहे त्याला आमंत्रण देते. पहिल्याचा आधार गुणपत्रिका हा आहे, आणि गुणपत्रिका इतरांनी घातलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांची नोंद असते. दुसऱ्याचा आधार विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला प्रश्न हा असतो. संस्थेच्या धुरीणांना हा भेद जाणवला असावा. तिचे नियतकालिक १९४९ साली सुरू झाले, आणि पुढे तिचे अध्यक्ष झालेले जे. सदरलँड फ्रेम यांनी १९५२ साली वार्षिक अधिवेशनात विद्यार्थ्यांच्या निबंधवाचनाचा पायंडा पाडला. स्थापनेनंतर अडतीस वर्षांनी पडलेली ही भर तिच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

परंतु निबंध वाचला गेला एवढ्याने परिषद सार्थ होत नाही. एक उदाहरण घेऊ. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली मद्रास येथील गणितपरिषदेत ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. हीच कृती पुनःपुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतल्यास अनुक्रमे ३०८७, ८३५२ आणि ६१७४ मिळतात. एखाद्या विद्यार्थ्याने व्यासपीठावर एवढेच करून दाखविले, तर टाळ्या पडतील; परंतु ती करमणूक झाली. दुसरा विद्यार्थी अंकांना उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड म्हणेल आणि वजाबाकी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) इतकीच असते हे दाखवील. मग नऊ हजार नऊशे नव्वद संख्या तपासण्याचे कारण उरत नाही. केवळ चौपन्न वजाबाक्या पुरतात. येथे गणितास आरंभ झाला. तिसरा विचारील : तीन अंकांत ४९५ येते, मग पाच अंकांत काय होते? त्या तिसऱ्याला सभागृहातून प्रतिप्रश्न आला आणि तो क्षणभर निरुत्तर झाला, तर ती परिषद सफल झाली असे मी म्हणेन.

हे उदाहरण आणखी एका कारणासाठी बोलके आहे. कापरेकरांना फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. पण पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. मद्रासच्या व्यासपीठाने पदवीची पायरी विचारली असती, तर ६१७४ ला श्रोते मिळण्यास आणखी किती काळ लागला असता, कोण जाणे!

गुणांची अट अगदीच निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. पूर्वतयारीवाचून सुचलेले प्रश्न बहुधा पूर्वीच सुटलेले असतात, आणि शिस्तीचा बहुमान करणे हे विद्यापीठाचे कर्तव्यच आहे. आक्षेप एवढाच, की सदस्यत्वाची कसोटी हीच व्यासपीठाची कसोटी होऊ नये. मान गुणांनी मिळो. बोलण्याचा अधिकार प्रश्नाने मिळावा.

ही चर्चा दूरदेशीची नाही. आपल्या महाविद्यालयांतूनही गणितमंडळे आहेत. रामानुजनांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, राष्ट्रीय गणित दिवस म्हणून पाळला जातो. दीपप्रज्वलन होते, व्याख्यान होते, प्रश्नमंजूषा होते, आभार मानले जातात. ज्यांच्या नावे हा दिवस पाळावयाचा, ते महाविद्यालयीन परीक्षेत अनुत्तीर्ण झाले होते, आणि १९११ साली भारतीय गणितसंस्थेच्या नियतकालिकात प्रश्न पाठवून प्रथम वाचकांसमोर आले. त्या दिवशी एका तरी विद्यार्थ्याने, त्याचे गुण न विचारता, फळ्यापाशी उभे राहून स्वतःचा प्रश्न मांडावा, आणि आपण अध्यापकांनी त्यावर आभारप्रदर्शनाऐवजी शंका विचारावी. त्याच्या प्रश्नाला खरीखुरी शंका मिळणे, हाच गणितातील पहिला बहुमान होय.