‘गांवगाडा’ आणि खळ्यावरचा हिशेब

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ हा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. शतक उलटल्यावर तो आम्हीं पुन्हा वाचला, तो एक प्रश्न मनांत धरून: पाटील-कुलकर्णी हे सरकारचें काम करीत, मग त्यांस पोशीत कोण होतें?

याचें उत्तर जुन्या कागदांतच आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें ‘शिवचरित्रसाहित्य’ या मालेंत छापलेले महजर व वतनपत्रें वाचकांनीं चाळावीं. गांवकामगारांच्या पोटापाण्याची सोय गांवावरच होती. पाटलास इनाम जमीन असे. शिवाय तेल्याचें तेल, चांभाराचा जोडा, बाजारांतली सुपारी, होळीस पहिल्या पोळीचा आणि पोळ्यास पहिल्या बैलाचा मान. हे मानपान केवळ शोभेचे नव्हत. त्यांपायीं पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले, आणि वतनाची वांटणी झाली म्हणजे त्यांचीहि वांटणी होई. देशमुख-देशपांड्यांचा हक्क तर परगण्याच्या वसुलावर बसे. त्यांनीं वाडे-हुडे बांधून रयत नागविली, म्हणून शिवाजी महाराजांनीं त्यांचे हक्क बांधून दिले, असें सभासद सांगतो.

इंग्रज अधिकारी मेटकाफ यानें १८३० सालीं हिंदी खेड्यांस लहान लहान प्रजासत्ताकें म्हटलें, आणि आपल्याकडील पुष्कळांस तें गोड वाटलें. आत्रे त्या मोहांत पडत नाहींत. मुलकी खात्यांतल्या अनुभवानें त्यांस दिसतें तें खळें: रास पडतांच वतनदार, बलुतेदार, फिरते मागते असे सारे भोंवतीं जमतात आणि कुणब्याच्या घरीं जावयाचें धान्य पायलीपायलीनें कमी होतें. हा हिशेब त्यांनीं निर्भीडपणें मांडला, हा ग्रंथाचा मोठा गुण होय.

परंतु दोषहि तेथेंच आहे. केवळ कुणब्याच्या बाजूनें पाहिलें म्हणजे खळ्यावरचा प्रत्येक मनुष्य मागणाराच दिसतो. पाटील वतनदार, तसा महारहि वतनदार; पण एक मानानें घेई, दुसऱ्यास मागून घ्यावें लागे. सांगावा पोंचविणें, वसुलाबरोबर जाणें, शिवेची साक्ष देणें, हीं कामें महार करी. काम सरकारचें, मोबदला गांवानें द्यावयाचा. तो गांवानें अडविला तर त्यानें जावें कोठें? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें, तें याच गांठीवर बोट ठेवून. आत्रे यांस महाराचें मागणें जितकें जड वाटतें, तितकी त्याची वेठ जड वाटत नाहीं, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

पुढें १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी व परगणा वतनें, १९५८ च्या कायद्यानें महारांचीं व इतर कनिष्ठ गांववतनें आणि १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटीलकी रद्द झाली. तरीहि हा ग्रंथ वाचावा. अधिकाऱ्याचें पोट रयतेच्या राशीवर सोंपविलें म्हणजे बलवान्‌ चाकर धनी होतो आणि दुबळा चाकर याचक होतो. ‘गांवगाड्या’नें यांतील पहिली गोष्ट उघड केली, दुसरी वाचकानें स्वतः ओळखली पाहिजे.